लालावर गेलेला काटा

गाडीत चालकासमोर वेगाचं मोठं मीटर असतं, आणि त्याच्या शेजारी कोपऱ्यात एक छोटा काटा असायचा. एका टोकाला निळी रेघ, दुसऱ्या टोकाला लाल. बहुतेकांनी तो काटा कधी नीट पाहिलेलाही नसतो. मी मात्र उभं आयुष्य त्याच्याकडे बघण्यात घालवलं. ठाण्याला खोपटच्या एका गल्लीत माझा गाळा होता. पाटीवर 'ऑटो इलेक्ट्रिशियन' असं झोकात लिहिलेलं होतं, पण सगळे मला 'मीटरवाले' म्हणूनच ओळखायचे. माझ्या सासऱ्यांनी लग्नाआधी चौकशी केली तेव्हा कुणीतरी त्यांना 'मुलगा मीटरचं काम करतो' एवढंच सांगितलं. ते बिचारे बरेच दिवस मला विजेच्या कंपनीत समजत होते. होकारही बहुधा त्याच समजुतीत दिला असावा.

काट्याचं काम सोपं आहे. इंजिन तापतं, त्याला थंड ठेवायला आत पाणी खेळवलेलं असतं. त्या पाण्यात बुडालेलं एक पितळी बोंड असतं, त्याला आम्ही सेन्सर म्हणतो. सेन्सरपासून एकच वायर निघते ती डॅशबोर्डवरच्या काट्यापर्यंत. पाणी जितकं तापेल तितका करंट तो सेन्सर गाडीच्या लोखंडात जाऊ देतो, आणि तितका काटा वर चढतो. वायर तुटली तर काटा निळ्यावर झोपून राहतो, मग खाली इंजिन जळून जाईना का. आणि वायर सोलली जाऊन वाटेत कुठे लोखंडाला टेकली, तर इंजिन बर्फासारखं गार असलं तरी काटा तडक लालावर जाऊन बसतो. काट्याला स्वतःला काही कळत नाही. वायर सांगेल ते तो दाखवतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुने असायची. एक शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर होता. काटा वर गेलेला त्याला बघवायचा नाही, म्हणून त्याने काट्यावरच देवीचं स्टिकर चिकटवलं होतं. मी म्हटलं, बाबा रे, देवीच्या मागे काय चाललंय ते देवीला ठाऊक, पण तुला ठाऊक नको का? स्टिकर काढायला तो शेवटपर्यंत तयार झाला नाही, वरच्या बाजूला हलवायला तेवढा कबूल झाला. दुसरे एक गृहस्थ जुनी गाडी विकायला काढून माझ्याकडे आले होते. काटा कायम मध्यावर राहील असं काहीतरी करा, गिऱ्हाईक दारात आहे, असं म्हणाले. मी त्यांना हात जोडले. काटा मी कधी खोटा बसवला नाही. या एका गोष्टीचा मला गर्व होता, आणि तो मी लपवूनही ठेवत नसे.

माझे आणखी दोन नियम होते. एक म्हणजे, गाडीतून काढलेलं जुनं सामान गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचं. वायरचा तुकडा असो, जळकं बटण असो, ते त्याचं आहे. नवं खरंच टाकलं की नाही, हा संशय त्याने घरी नेऊ नये. दुसरा नियम ड्रायव्हरांसाठी होता आणि तो मी प्रत्येकाला ऐकवायचो. काटा लालावर गेला की गाडी बाजूला घ्यायची, मग मागे नवरदेवाची वरात का खोळंबेना. आणि काटा उतरल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, तोंड भाजून घ्याल.

हे दोन्ही नियम ज्याने मनापासून पाळले असा माणूस म्हणजे जनूशेठ. डोंबिवलीला मानपाड्याच्या अलीकडे त्यांचं गाव. आता त्या गावाच्या चारी बाजूंनी टॉवर उभे आहेत, पण जनूशेठचं घर, अंगण आणि अंगणातली पिकअप जिथल्या तिथे होती. धंदा मंडपाचा. बांबू, कनाती, खुर्च्या, मोठाले टोप, सगळं त्या पिकअपमध्ये चढायचं. गोल दिव्यांची, ठेंगण्या नाकाची जुनी गाडी. हल्ली तिला क्लासिक म्हणतात, आणि लग्नाआधीचे फोटो काढायला मुलं-मुली तिला टेकून उभी राहतात. जनूशेठला याचं भारी हसू यायचं. सोन्यासारख्या गाड्या सोडून या म्हातारीला का मिठ्या मारतात, असं म्हणायचे.

तरुणपणी त्यांनी एकदा लाल काट्याकडे काणाडोळा करून गाडी दामटली होती, आणि इंजिन जाम करून घेतलं होतं. तेव्हापासून काट्यावर त्यांची श्रद्धा बसली. काही झालं की गाडी घेऊन थेट खोपटला माझ्याकडे यायचे. मी बॉनेटखाली वाकायचो आणि ते आत बसून काटा कुठे आहे ते ओरडून सांगायचे. हे काम एकट्याने होत नाही. बॉनेट वर केलं की काटा दिसत नाही, आणि काट्यासमोर बसलं की वायर दिसत नाही. काम झालं की जुनं सामान मागून घ्यायचे आणि खिशात टाकून घरी न्यायचे. त्यांच्या बायकोने, हिरावहिनींनी, एकदा माझ्याकडे लटकी तक्रार केली होती की तुमच्या या नियमामुळे माझा अख्खा खण भंगाराने भरलाय, डाळीचे डबे ठेवायला जागा नाही.

पुढे गाड्यांमधून काटेच गेले. आता इंजिन तापलं तर एक दिवा लागतो, आणि तोही सगळं संपल्यावर. मी गाळा बंद केला आणि डोंबिवलीला घरी बसलो. पेटी तेवढी सुटली नाही. कुठेही जाताना ती बरोबर असते, बायको म्हणते डॉक्टरची बॅग.

जनूशेठ गेल्याचं मला उशिरा कळलं. त्यांचा मुलगा प्रशांत, ठाण्याला एका कंपनीत नोकरीला आहे, त्याचा फोन आला. म्हणाला, काका, पिकअप काढून टाकायची आहे. एका मेकॅनिकने बघून इंजिन गेलंय असं सांगितलंय, भंगारवालाही येऊन गेलाय, पण आई ऐकत नाही. म्हणते मीटरवाल्या भाऊंनी बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. प्रशांत कामावर गेला होता. हिरावहिनी अंगणात वाटच बघत होत्या. कपाळ मोकळं, आणि बाई निम्मी झालेली. पिकअप कडेला उभी होती. पुढच्या जाळीला दसऱ्याचं तोरण तसंच होतं, झेंडू वाळून काळे पडलेले, आंब्याची पानं चुरगळलेली, भाताच्या लोंब्या तेवढ्या शाबूत. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, तोरण चांगलं टिकलंय की. त्यांच्या घरात गाडीची पूजा जनूशेठ करायचे, पण तोरण ओवायचं आणि बांधायचं ते घरच्या बाईनेच, अशी रीत होती. वहिनी म्हणाल्या, आदल्या वर्षी दोरा तुटून तोरण भर रस्त्यात पडलं होतं, जिवाला लागून राहिलं. म्हणून या वेळी मंडपाचे बांबू आवळायची बारीक तार घेतली आणि मागून फिरवून स्वतःच्या हाताने पीळ दिला. बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जरा अभिमान आला होता.

मग त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि त्या दिवसाचं सांगितलं. तुळशीची लग्नं लागून मंडपाचा हंगाम नुकता सुरू झाला होता. आंबिवलीकडचा मंडप सोडवून दोघं परत निघाली होती. वाटेत जनूशेठ म्हणाले की छातीत भरल्यासारखं होतंय, पित्त असेल. वहिनींनी सांगितलं की घरी नको, सरळ कल्याणला दवाखान्यात गाडी घाला. ते हो म्हणाले. तेवढ्यात काटा लालावर गेला.

जनूशेठनी गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं. वाफ नव्हती, पण काटा लालावर असताना झाकण उघडायचं नाही हे त्यांना पाठ होतं. मैलाच्या दगडावर बसून राहिले. थोड्या थोड्या वेळाने उठून चावी फिरवून बघायचे, काटा तिथेच. वहिनी रिक्षा बघते म्हणाल्या तर म्हणायचे, थांब जरा, उतरेल आता, गाडी रस्त्यात टाकून कुठे जाऊ. शेवटी ते दगडावरून कलंडले तेव्हा वहिनी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि रिक्षा अडवली. कल्याणला पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. गाडी नंतर गावातल्या पोरांनी दोरीने ओढून घरी आणली.

"तुमीच त्यांना सांगितलेला ना भाऊ, लालावर गेला का थांबायचा?" त्या म्हणाल्या. त्यात दोष देणं नव्हतं. नवऱ्याचा एक विश्वास होता, तो त्या मला सांगत होत्या. पण मला तो ओटा टोचायला लागला.

प्रशांत दुःखाच्या भरात एकदा आईला बोलला होता, की तू त्यांना ओढून का नाही नेलंस, गाडी गेली खड्ड्यात. त्यानंतर तो तसं कधी बोलला नव्हता, पण मायलेकांत बोलणंच कमी झालं होतं. वहिनींना भंगाराच्या भावाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट हवी होती.

"भाऊ, मना खरा सांगा. गारी गरम व्हती का? गरम नसंल तर मग आमी थांबलो कशापायी?"

मी म्हटलं, बघून सांगतो. त्यांना आत काट्यासमोर बसवलं, जिथे जनूशेठ बसायचे. पेटीबरोबर बॅटरी नेली होती, ती जोडली. वहिनींना चावी फिरवायला सांगितली. "लालावर," त्या म्हणाल्या.

 गाडी कित्येक महिने उभी होती. इंजिनावर मांजर झोपून गेल्याच्या खुणा होत्या. गार लोखंड आणि लाल काटा, याचा अर्थ माझ्या धंद्यात एकच होतो. तरी मी सेन्सरची वायर काढून हातात धरली. सेन्सरच नासला असेल तर आता काटा खाली यायला हवा. मी विचारलं, आता? आतून आवाज आला, "लालावरच." म्हणजे सेन्सर चांगला होता. वायर मध्येच कुठेतरी लोखंडाला टेकली होती. वायरवरून बोट फिरवत मी पुढे सरकलो. या गाडीत ती रेडिएटरच्या वरून, जाळीच्या अगदी मागून जाते. बोट तोरणाशी येऊन थांबलं.

मंडपाची ती बारीक तार जाळीच्या पट्टीला वेढा घालून मागून फिरली होती, आणि त्याच पिळात तिने माझ्या वायरलाही आवळलं होतं. दसऱ्यापासून गाडी जितकी हादरली तितकी ती तार वायरच्या रबरात रुतत गेली होती, आणि आंबिवलीहून येताना कधीतरी आतल्या तांब्याला जाऊन भिडली. मी पक्कड लावून पीळ सोडवला.

"खाली आला भाऊ," वहिनी आतून म्हणाल्या. "काटा खाली आला."

बॉनेट वर होतं, त्यामुळे मी त्यांना दिसत नव्हतो आणि त्या मला दिसत नव्हत्या. मी ती तार हातात धरून तसाच उभा राहिलो. इंजिन त्या दिवशी गरम नव्हतं. गाडी दवाखान्यापर्यंत काय, नाशिकपर्यंत गेली असती. जनूशेठ एका खोट्या काट्यासाठी दगडावर बसून राहिले. काट्यावर विश्वास ठेवायला मी शिकवलं होतं, आणि काटा खोटा पाडणारी तार वहिनींनी बांधली होती, तोरण रस्त्यात पडू नये म्हणून. हे मी त्या बाईला कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

मी त्यांना चहा टाकायला आत पाठवलं. तार गुंडाळून पेटीच्या तळाच्या कप्प्यात टाकली. पेटीत एक जाम झालेला थर्मोस्टॅट पडून होता, कुठल्याशा टेम्पोतून काढलेला, गिऱ्हाईक न्यायला विसरलं होतं. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं झाकण. इंजिन तापलं की ते उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे जातं. ते अडकून बसलं तर इंजिन उकळतं. मी तो थर्मोस्टॅट फडक्याने पुसला. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा तो त्यांच्या हातात ठेवला.

मी म्हटलं, "वहिनी, हा अडकला होता. पाणी फिरतच नव्हतं. गाडी गरमच होती. जनूशेठ थांबले ते बरोबरच थांबले. पुढे गेले असते तर गाडी वाटेतच बंद पडली असती."

वहिनींनी तो दोन्ही हातांत धरला. उलटसुलट फिरवून बघितला. मग म्हणाल्या, प्रशांतला पण सांगाल का एकदा? मी तिथूनच फोन लावला आणि त्यालाही तेच सांगितलं. पलीकडे तो रडायला लागला. मी मग नवी वायर ओढली, ती जाळीपासून लांब, दुसऱ्या बाजूने नेली, वरून जाड नळी चढवली. गाडी चालू केली. इंजिन ठणठणीत होतं, मेकॅनिकने बहुधा लाल काटा बघूनच ते गेलं म्हणून सांगितलं होतं. काटा हळूहळू चढून मध्यावर येऊन थांबला, शहाण्या मुलासारखा. भंगाराचं बोलणं तिथेच संपलं.

घरी येताना मला वाटत होतं की आयुष्यात एकदाच खोटा काटा बसवला, पण योग्य जागी बसवला. जनूशेठ मात्र काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. चावी फिरवून बघणारे, आणि पुन्हा दगडावर जाऊन बसणारे. आजही कल्याणच्या त्या रस्त्याने रिक्षा गेली की मी मान दुसरीकडे वळवतो.

ती तार टाकून द्यायला हवी होती. अनेकदा पेटी उघडली, हातात घेतली आणि परत ठेवली. चाळीसेक वर्षांत गिऱ्हाइकाचं सामान मी कधी कचऱ्यात टाकलेलं नाही.

पुढचा दसरा आला. प्रशांतचा फोन आला की आईने तुम्हाला जेवायला बोलावलंय, गाडीच्या पूजेला या. गणपतीत त्याने गावाचा गणपती त्याच पिकअपमधून नेला होता आणि आता तिला विकायचं नाव काढत नव्हता. मी पोचलो तेव्हा गाडी धुऊन पुसून उभी होती. पूजा प्रशांतने केली. मायलेकं एकमेकांशी बोलत होती, नारळ कुणी फोडायचा यावरून थोडं भांडलीसुद्धा. मला बरं वाटलं. एकदा काटा बघून घ्यावा म्हणून मी गाडीजवळ गेलो आणि पाय थबकले. जाळीला ताजं तोरण होतं. झेंडू, आंब्याची पानं, भाताच्या लोंब्या. ते साध्या पांढऱ्या सुती दोऱ्याने बांधलेलं होतं, दोन टोकांना सैल गाठी मारून.

प्रशांत ताटं मांडायला आत गेला होता. वहिनी माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. मला आपट्याचं पान दिलं, मी त्यांना दिलं. मग त्यांनी पदराखालून एक फडकं काढलं आणि उलगडलं. आत तो थर्मोस्टॅट होता.

"हा आमच्या गारीचा नाय, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "काटा खाली आला ना, तवाच मना समजला. तुमी ह्याला हात कुठं लावला व्हता तवा? पक्कड जाळीपाशी वाजत व्हती, आन् नंतर बघला तं तोरणाची तार नव्हती."

 मी नजर जाळीकडे वळवली. त्यांनी थर्मोस्टॅट माझ्या हातात ठेवला.

"प्रशांतला सांगितलाय तेच ऱ्हाऊं द्या. त्याला झोप लागतेय आता." आतून ताटांचा आवाज येत होता. त्यांनी हात पुढे केला. "जुना सामान गिऱ्हाइकाला परत देता ना तुमी? माझी तार मना द्या."

मी खाली बसलो, पेटी उघडली, तळाच्या कप्प्यातून ती तार काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.